वाटप आधी, बाकी नंतर: गोव्यातल्या स्वयंपाकघरासाठी मिक्सर आणि फूड प्रोसेसर

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या वहिनींची हाक आली. घरात नवा फूड प्रोसेसर आलेला, सोबत अटॅचमेंटची पेटीभर आरास, आणि खतखत्याचं (मिश्र भाज्यांच्या रस्स्याचं) वाटप, म्हणजे ओलं वाटण, काही केल्या बारीक होईना. दोन नारळांची सोय (खवलेलं ओलं खोबरं), भिजवलेल्या मिरच्या आणि धणे त्यांनी मोठ्या भांड्यात घालून पाव तास फिरवले होते. खोबरं कडांना चिकटलेलं, धणे अख्खेच्या अख्खे, तळाला लालसर पाणी. शेवटी यंत्र आपसूक बंद पडलं आणि वहिनींचे डोळे भरून आले. मी माझा जुना मिक्सर आणि चटणीचं भांडं घेऊन गेले, चार खेपांत वाटप काढलं. प्रोसेसर बिघडलेला नव्हता. थोड्या वेळाने थंड झाल्यावर त्याच प्रोसेसरने खतखत्यासाठी सुरण, मुळा, गाजर भराभर कापून दिलं.

म्हणून सांगते, आपल्याकडे यंत्र घेताना पहिला प्रश्न एकच विचारायचा: यात वाटप कसं होतं? माशांचं हुमण, मटणाची किंवा कोंबडीची शागोती, आळसांद्यांचं (चवळीचं) तोणक, मुगागाठी, हे सगळे रस्से त्यावर उभे आहेत. अटॅचमेंट किती आणि रंग कोणता हे मागाहून.

दिसायला भावंडं, कामं वेगळी

मिक्सरमध्ये मोटर थेट पात्याला फिरवते. भांडं रिकामं असताना हा वेग मिनिटाला १८ ते २० हजार फेऱ्यांपर्यंत जातो. भांडं अरुंद, पाती तळाशी, त्यामुळे घातलेला माल पुन्हा पुन्हा पात्यावर येऊन पडतो आणि बारीक होतो. फूड प्रोसेसरचं भांडं रुंद असतं, वेग बराच कमी केलेला असतो, आणि पातं इंग्रजी एस अक्षरासारखं वाकडं. ते कापतं, चिरतं, पीठ मळतं, वाटत नाही. ओलं खोबरं त्यात घातलं की पहिल्या फेऱ्यांतच कडेला फेकलं जातं आणि पात्याच्या वाटेत परत येत नाही. ब्लेंडर म्हणजे उंच भांडं, भरपूर पाणी असलेल्या पदार्थांसाठी: मिल्कशेक, सूप, ताक, आंब्याचा रस.

या यंत्रांचा जन्मच वेगवेगळ्या गरजेतून झाला. युरोपातले जुने ब्लेंडर सूप आणि शेकसाठी केलेले. ओला मसाला वाटायला घेतला की त्यांची मोटर जळायची. १९६०च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरी असाच परदेशी मिक्सर बंद पडला आणि त्यातून त्यांनी भारतीय वाटणाला टिकेल असा ‘सुमीत’ मिक्सर तयार केला. फूड प्रोसेसर मात्र फ्रान्समध्ये, हॉटेलांच्या मोठ्या स्वयंपाकघरांतल्या चिरण्या-कापण्याच्या कामातून आला. एवढं ध्यानात ठेवलं तर दुकानात अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

दुकानात जाण्याआधी आठवडाभराची नोंद

एक आठवडा वहीत लिहा: कोणत्या दिवशी काय वाटलं, किती, किती जणांसाठी. आमच्या घरची पाच माणसांची नोंद अशी निघाली होती: रोज अर्ध्या ते एका नारळाचं वाटप, दोनदा सोलकढी, एकदा आंबोळीचं पीठ, रोज चपात्यांची कणीक, रविवारी कांदे भरपूर. वाटप आणि कणीक दोन्ही आठवड्यात सात वेळा आहेत, पण कणीक हातानेही मळता येते. ज्या कामाची नोंद सर्वांत जास्त, यंत्र त्या कामाचं.

दोन-तीन माणसं असतील तर ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा चांगला मिक्सर पुरतो. प्रोसेसरसाठी ओट्यावर जागा अडवू नका. घर मोठं असेल, चवथीला पंचवीस पानं उठत असतील, किंवा मनगटं दुखतात म्हणून कणीक मळणं अवघड झालं असेल, तर मिक्सरच्याच मोटरवर प्रोसेसरचं भांडं बसणारा जोड संच घ्या. मात्र त्यातलं चटणीचं भांडं स्वतंत्रपणे चांगलं असलंच पाहिजे. आणि आठवड्यातून दोन-तीनदा सान्नां (इडलीसारखा वाफवलेला पदार्थ), आंबोळ्या, इडल्या होत असतील तर दोन लिटरचा दगडी वेट ग्राइंडर वेगळा घेणं शहाणपणाचं. दगड हळू फिरतो, पीठ तापत नाही. उडदाला जो हलकेपणा दगडावर येतो तो पात्यावर येत नाही, हे माझं पक्कं मत आहे.

वर्षाचा मसाला घरच्या मिक्सरवर काढायच्या भानगडीत पडू नका. पावसाआधी पुरुमेताच्या खरेदीत म्हापशाच्या बाजारातून हरमलची किंवा खोल्याची मिरची किलोंनी आणलीत तर ती उन्हात वाळवून गिरणीवर द्या. घरच्या मोटरवर एवढा कोरडा भार टाकला की तिचं आयुष्य तिथेच कमी होतं.

दुकानात काय बघायचं

वॅट म्हणजे यंत्र किती वीज ओढतं. जास्त वॅट म्हणजे आपोआप बारीक वाटप, असं नव्हे. पात्याचा आकार आणि भांड्याचा तळ तितकाच महत्त्वाचा. ५०० वॅट शेक आणि हलक्या चटणीला ठीक. रोजच्या नारळाला ७५०. उकडे तांदूळ, भाजलेला मसाला, मोठं कुटुंब असेल तर १०००. २३० व्होल्टवर ७५० वॅटचा मिक्सर साधारण सव्वातीन अँपिअर घेतो, त्यामुळे ओट्यावरचा साधा ६ अँपिअरचा प्लग चालतो. पण तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थिंग असायला हवं. जुन्या घरांत ते नुसतं नावाला असतं. वायरमनला बोलावून तपासून घ्या. ओल्या हातांनी चालवायचं यंत्र आहे.

मग भांडी हातात घ्या, नुसती बघू नका. लहान भांडं ४०० मिलीच्या आसपास असावं. आत बोट न घालता वरून बघा: पाती तळाच्या किती जवळ आहेत? चटणीच्या भांड्यात तळ आणि पातं यांत फट जास्त असेल तर चार जणांचं थोडं वाटप खालीच पडून राहील. स्टीलचा पत्रा जाड हवा, कडा हाताला लागू नयेत, दांडा स्क्रूने पक्का बसलेला हवा. झाकणाची रबरी रिंग निघते का ते करून बघा. जी रिंग निघत नाही तिच्याखाली खोबरं सडतं. रिकामं भांडं बसवून दुकानदाराला अर्धा मिनिट चालवायला सांगा. आवाज मोठा असणारच, पण खडखड किंवा ओट्यावर सरकणं नको. खालचे रबरी पाय ओट्याला घट्ट चिकटले पाहिजेत.

तळाची पट्टी वाचा. आयएसआयची खूण आणि तिच्याबरोबर आयएस ४२५० हा घरगुती मिक्सरच्या मानकाचा क्रमांक शोधा. बऱ्याच मिक्सरवर ‘३० मिनिटं, ५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद’ असंही लिहिलेलं असतं. ती अट यंत्र बनवणाऱ्याने घातलेली आहे आणि तुटलेल्या मिक्सरपैकी कितीतरी ती न पाळल्याने तुटतात.

वॉरंटीत मोटरला वेगळी आणि बाकी यंत्राला वेगळी मुदत असते. मोठ्या अक्षरातली पाच वर्षं बहुधा मोटरची. खरा प्रश्न विचारा: सुटं भांडं, वॉशर, मोटर आणि भांडं जोडणारा कपलर इथे मिळतात का, की दरवेळी पणजीला जावं लागेल? सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या घराला याचा फार फरक पडतो. फोंड्याला माझ्या माहितीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे ज्या कंपन्यांचे सुटे भाग हाताशी असतात, त्यांतलीच निवड मी करते.

वाटप, पायरीपायरीने

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते. हिशेब अर्ध्या नारळाच्या सोयीचा धरते, म्हणजे चार जणांचं हुमण.

सुक्या मिरच्यांचे देठ आणि बिया काढून त्या कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा. सुक्या मिरचीचं साल चिवट असतं, भिजवल्याशिवाय वाटपात लाल कपचे राहतात. चिंचही तेव्हाच भिजवा आणि चिंचोके, शिरा काढून टाका. एक चिंचोका पात्याची धार घालवतो.

चटणीच्या भांड्यात आधी मिरच्या, धणे, हळद, मिरी, चिंच एवढंच घ्या. दोन-तीन चमचे पाणी. दोन-तीन झटके द्या, मग एक नंबरवर वीस सेकंद. कठीण ते आधी, हा नियम कधी मोडू नका. सोय आधी घातली तर तिचा मऊ गोळा होतो, धणे त्यात सुरक्षित बसतात आणि शेवटपर्यंत दाताखाली येतात. वहिनींच्या वाटपात हेच झालं होतं.

आता सोय घाला. भांडं निम्म्याहून जास्त भरू नका. पाव वाटी पाण्याने सुरुवात करा आणि एक नंबरवरच ठेवा. कान उघडे ठेवा: वाटप फिरत असेल तर आवाज जड, भरलेला येतो. आवाज एकदम पातळ, मोकळा, किंचाळल्यासारखा झाला की पात्याभोवती पोकळी झाली आहे. पातं हवेत फिरतंय, माल कडांना चिकटलाय. लगेच बंद करा, लाकडी किंवा रबरी चमच्याने कडा खाली ओढा, एक चमचा पाणी घाला, पुन्हा चालवा. वेग वाढवून पोकळी जात नाही, ती मोठी होते.

मग दोन नंबर, मग तीन, प्रत्येकी अर्धा मिनिट. मध्ये थांबा. नारळातलं तेल साधारण २४-२५ अंशांना वितळतं आणि आपल्याकडे स्वयंपाकघर बहुतेक वर्षभर त्याहून गरम असतं. त्यात पात्याच्या घर्षणाची उष्णता आली की तेल सुटतं, वाटप तुपकट होतं आणि हुमणावर तवंग येतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये फ्रिजमधलं पाणी वापरा. बोटांत चोळल्यावर रवाळ लागू नये, गंधासारखं लागावं, तिथे थांबा.

भांड्यात चिकटलेलं फेकू नका. वाटीभर पाणी घालून एक झटका द्या आणि ते पाणी हुमणात ओता. तिरफळं मात्र मिक्सरमध्ये कधी नकोत. ती वेगळी ठेचून, आतली काळी बी टाकून, उकळीला घालायची. वाटली की कडू आणि जीभ बधिर करणारी होतात.

शागोतीचं भाजलेलं खोबरं आणि मसाला पूर्ण थंड होऊ द्या. गरम घातलं की वाफ धरते, खोबऱ्याचं तेल सुटतं आणि पात्याखाली थापा बसतो. आधी खसखस, धणे, लवंग, दालचिनी कोरडेच बारीक करा, मग खोबरं, मग पाणी. झाकण उघडण्याआधी मिनिटभर थांबा, नाहीतर मिरचीची धूळ घरभर जाऊन सगळ्यांना ठसका लागतो.

आणि सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे कोरडी कोशिंबीर, करताना खोबरं मिक्सरला लावू नका. तिथे सोय सोयच राहायला हवी.

रस काढताना उलटं

सोलकढी किंवा मणगण्याला (हरभऱ्याच्या डाळीच्या खिरीला) नारळाचा रस हवा असतो, म्हणजे तेल सुटायलाच हवं. इथे कोमट पाणी घ्या, बोट सहज बुडवता येईल इतकंच. मोठ्या भांड्यात एका नारळाची सोय आणि दीड वाटी कोमट पाणी, झटके देत दीड मिनिट. स्वच्छ पंचात गाळून पिळा: हा दाट रस. तोच चोथा पुन्हा वाटीभर पाण्याने फिरवा: हा पातळ रस. मणगण्यात डाळ शिजताना पातळ रस, आणि विस्तव बंद करण्याच्या बेतात दाट. सोलकढीचा सोलांचा (कोकमांचा) आगळ नंतर हाताने ढवळून घाला. मिक्सरमध्ये घातला तर फेस येतो.

आंब्याचं सासव

सासव म्हणजे वाटलेल्या मोहरीच्या वाटपातले आंबे. मोहरी कोरडी असते तेव्हा तिखट नसते; दाणा फुटून पाण्याशी गाठ पडली की तिच्यातला तिखटपणा तयार होतो. तो फार घोटला की कडवट होतो. म्हणून मिरची आणि सोय आधी गुळगुळीत वाटून घ्या आणि मोहरी अगदी शेवटी घालून दहा-पंधरा सेकंदांचे दोन झटके. एवढंच. माझी आई हे पाट्यावर करायची आणि मोहरीला वरवंट्याचे सात-आठ हातच द्यायची. मिक्सरवर ते सेकंदांत मोजावं लागतं.

आंबोळी, सान्नांचं पीठ मिक्सरवरच करायचं असेल तर

उडीद तीन-चार तास, उकडे तांदूळ रात्रभर भिजवा. उडीद बर्फाच्या पाण्याने, दोन-दोन मिनिटांच्या खेपांत वाटा. थेंबभर पीठ पाण्यात टाका, तरंगलं की झालं. भांड्याचा तळ हाताला गरम लागला की दहा मिनिटं सुट्टी. पीठ तापलं तर आंबवणारे जीव मरतात आणि सकाळी पातेलं तसंच बसलेलं दिसतं.

प्रोसेसरची खरी कामं

चवथीच्या दिवसांत प्रोसेसरने माझे कितीतरी तास वाचवले आहेत. कापायची चकती बसवून काकडी, मुळा, गाजर, कोबी. किसायची चकती बसवून करमासाठी (कोशिंबिरीसाठी) गाजर. भाजी नळीतून सोडताना नेहमी त्यासोबतच्या दांड्यानेच दाबा, बोटाने किंवा चमच्याने नको. हलका दाब दिला की पातळ फोड, जोर दिला की जाड, हे एका दुपारी हाताला कळतं. कांदा चिरायला एस पातं, कांद्याच्या चार फोडी, आणि एकेक सेकंदाचे पाच-सहा झटके. सलग चालवला की पाणी सुटून कांद्याची पेस्ट होते.

कणकेला मळण्याचं पातं. पाव ते अर्धा किलो पीठ, मीठ, चमचाभर तेल आधी दहा सेकंद फिरवा. मग दर १०० ग्रॅम पिठाला साधारण ६० मिली पाणी नळीतून धारेने सोडा. गोळा होऊन भांड्याच्या कडेपासून सुटला की लगेच बंद. एकूण मिनिटभराचं काम. जास्त फिरवलं तर कणीक रबरासारखी होते आणि मोटरवर ताण येतो. नेवऱ्यांचं (करंज्यांचं) घट्ट पीठ यात मळायचं तर नेहमीच्या निम्मंच घ्या.

नारळ खवण्याची अटॅचमेंट चांगली आहे, पण तिच्यावर नारळाची वाटी दोन्ही हातांनी धरावी लागते, म्हणून ओल्या हातांनी नको. मी अजून विळीच वापरते, कारण सोय बारीक येते आणि करवंटीचा तपकिरी भाग सोडता येतो. प्रोसेसरच्या भांड्यावर पातळ पदार्थाची खूण असते. तिच्यावर गेलं की मधल्या दांड्यातून पाणी खाली मोटरीत उतरतं.

जीव सांभाळून

उकळतं सूप, डाळ, वांग्याचं भरीत बंद झाकणात कधी फिरवू नका. आतली वाफ झाकण उडवते आणि हातातोंडावर भाजतं. आधी थंड होऊ द्या, भांडं तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी भरा, झाकणाची मधली टोपी काढून त्यावर कापड धरा.

पावसात झाड तारेवर पडून वीज जाते तेव्हा मिक्सरचं बटण आधी शून्यावर आणा आणि प्लग काढा. विसरलात तर वीज येताच यंत्र सुरू होईल, तेव्हा भांड्यात कोणाचा हात असू शकतो. दिवे मंद झालेले असतील, पंखा हळू फिरत असेल, तर वाटप थोडं पुढे ढकला. कमी दाबात मोटर सावकाश फिरते, तिचा आतला पंखाही सावकाश, आणि ती तापते.

मध्येच बंद पडला तर घाबरू नका. प्लग काढा, माल निम्मा करा, वीस-तीस मिनिटं थांबा, मग तळाचं, जास्त भार आला की यंत्र बंद पाडणारं लाल बटण दाबा. पुन्हा लगेच पडला तर दुरुस्तीवाल्याकडे. जळका वास आणि निळसर ठिणग्या एकत्र दिसल्या तर बहुधा मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले आहेत. ते बदलता येतात, त्यासाठी नवा मिक्सर नको.

धुणं, आणि गोव्याची हवा

वाटप काढल्याबरोबर भांड्यात निम्मं पाणी आणि साबणाचा थेंब घालून दहा सेकंद फिरवा, मग हाताने धुवा. पात्याखाली जुना टूथब्रश जातो. भांडं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नका, पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या खालच्या बुशमध्ये पाणी शिरतं. प्रोसेसरच्या प्लास्टिकला हळदीचा पिवळा डाग पडला तर धुऊन तासभर उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाने विटतो. झाकणाची रिंग दर आठवड्याला काढून लिंबाने चोळा. खवट वास तिथूनच येतो.

समुद्राकाठच्या घरांत स्क्रू गंजतात, म्हणून यंत्राचा तळ ओला ठेवू नका. पावसाळ्यात मोटरच्या उबेला मुंग्या आणि झुरळं खालच्या फटींतून आत जातात आणि स्विचमध्ये घर करतात. रोज न वापरलेला प्रोसेसर दोन पाटांवर उंच ठेवा, सुती कापडाने झाका, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत घाम धरतो. महिन्यातून एकदा रिकामा मिनिटभर चालवा.

मोटर आणि भांडं यांना जोडणारा रबरी किंवा प्लास्टिकचा कपलर मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो. भार जास्त झाला की तो तुटतो आणि मोटर वाचते. स्वस्त असतो, चवथीच्या आधी एक सुटा आणून ठेवा, कारण त्या चार दिवसांत दुरुस्तीवाला भेटणार नाही. आणि भांडं उचलल्यावर खाली काळपट, तेलकट पाणी दिसलं तर त्या दिवसापासून ते भांडं बाजूला ठेवा. तळाचं सील गेलेलं असतं, आणि तीच काळी चिकट घाण वाटपात उतरत असते. सील बदलून, दोनदा साबणाच्या पाण्याने फिरवून, मगच त्यात पुन्हा सोय घाला.